फाट्यावर ब्रेकर मागण्याआधी शंभर मीटर मोजा

अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत सदस्य ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचं गाव शहरापासून नऊ किलोमीटरवर. गावासमोरचा रस्ता चौपदरी झाला आणि मधे दुभाजक आला. फाट्यासमोर दुभाजकाला आधी तोंड होतं, ते बुजवून वळण दीड किलोमीटर पुढे दिलं. गावाची निम्मी वावरं रस्त्याच्या पलीकडे आहेत, त्यामुळे पोरांनी दुभाजकाचे दगड काढून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट पाडली आहे. शाळेच्या मुली फाट्यावरूनच एसटी धरतात. त्यात पुढे पुलाचं काम निघालं, म्हणून टिप्पर आणि ट्रक गावातल्या अरुंद रस्त्यानं येऊ लागले आहेत. गावात दोन मतं आहेत: रास्ता रोको करायचा, की रातोरात ब्रेकर घालायचा. मोजणीवाले येऊन वावरांत खुणा करून गेले, ती काळजी वेगळीच. ताई विचारतात, "आम्ही नेमकं काय मागावं आणि कोणाला मागावं?"

ताई, आधी ब्रेकरचं बोलू, कारण घाई त्याचीच चालली आहे. ऐंशी-शंभरच्या वेगानं गाड्या धावतात अशा रस्त्यावर गतिरोधक हा उपाय नाही, नवा धोका आहे. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापाचा गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, आणि तो २५ किलोमीटरच्या वेगानं ओलांडावा असं गृहीत धरलेलं असतं. चाळीस मीटर आधी पाटी लागते, वर काळे-पांढरे पट्टे लागतात. गावकरी रात्री सिमेंट-गिट्टीचा घालतात तो हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच असतो. त्यावर पहिला पडतो तो दुचाकीवाला, आणि बहुतेक वेळा तो आपल्याच पंचक्रोशीतला असतो. राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाका, असे केंद्राच्या रस्ते मंत्रालयाचे २०१६ पासून आदेश आहेत. राष्ट्रीय महामार्गाचं नुकसान करणं हा १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ८-बी खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. दुभाजकाचे दगड काढणंही त्यातच मोडतं. गतिरोधक हवाच असेल तर गावाकडून येणारा रस्ता हायवेला मिळतो तिथे, गावाच्या बाजूला घ्या. तिथे तो नियमात बसतो आणि आपली गाडी हायवेवर शिरण्याआधी थांबते.

आता रस्ता कोणाचा ते पाहा. किलोमीटरच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक योजनेतला रस्ता. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतो. राष्ट्रीय महामार्ग काही ठिकाणी राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही ठिकाणी बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे असतो. टोलनाक्यावरच्या फलकावर ते लिहिलेलं असतं. गावातले रस्ते बहुधा जिल्हा परिषदेचे. तुमच्या पत्रात दोन रस्ते आहेत, त्यांचे मालक दोन आहेत, म्हणून अर्जही दोन लागतील. अकरा मागण्यांचा एकच अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना दिला की तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो आणि प्रत्येक कार्यालय "आमचा विषय नाही" एवढं लिहून मोकळं होतं. अर्जात "गावाजवळचा फाटा" असं मोघम लिहू नका. दगड पाहून साखळी क्रमांक, म्हणजे किलोमीटर आणि त्यापुढचे मीटर, टाका, "कि.मी. ४७/६००, डावी बाजू" असा. अभियंत्याच्या नकाशाला तीच भाषा कळते.

आता मोजमाप. यासाठी पैसे लागत नाहीत, चार माणसं आणि एक दिवस लागतो, आणि सगळ्या प्रकरणाचा जीव यातच आहे.

फाट्याच्या आधी रस्त्याच्या कडेनं टेपनं १०० मीटर मोजा. दोन्ही टोकांना साइडपट्टीवर चुन्याची रेघ मारा. रस्त्यावर उतरू नका. एका टोकाचा माणूस गाडी रेघेवर आली की हात खाली करेल, दुसऱ्या टोकाचा मोबाइलवर वेळ धरेल. ३६० ला आलेल्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात. सहा सेकंद लागले तर ६०, साडेचार लागले तर ८०, ३.६ लागले तर १००. अशा पन्नासेक गाड्या मोजा, सकाळी शाळेच्या वेळी आणि संध्याकाळी वावरातून परत येण्याच्या वेळी. चौपदरी दुभाजक असलेल्या रस्त्यावर मोटारीला कायद्यानं १०० ची मुभा आहे, २०१८ पासून. म्हणून "गाड्या लई जोरात जातात" या तक्रारीत दम नाही. त्या जागी वेगमर्यादा कमी करा, ही मागणी मात्र रास्त आहे, आणि ती अधिसूचना काढून व पाटी लावून करता येते.

मग ओलांडायला किती वेळ लागतो ते पाहा. एका बाजूच्या दोन लेन आणि पक्की साइडपट्टी मिळून रुंदी नऊ मीटरच्या आसपास भरते. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीची लांबीही आठ-नऊ मीटर. म्हणजे ट्रॉलीचं शेपूट पलीकडे जाईपर्यंत ट्रॅक्टरला अठरा मीटर चालावं लागतं. उभ्या जागेवरून, भरल्या ट्रॉलीनिशी, खालच्या गिअरमध्ये याला दहा-अकरा सेकंद सहज लागतात. तेवढ्या वेळात ८० नं येणारी गाडी २२० ते २४० मीटर येते, १०० नं येणारी तीनशेच्या घरात. बंडीचं गणित आणखी अवघड: बैल सेकंदाला मीटरभर चालतात, बैलांसकट बंडी सहा मीटर, म्हणजे पंधरा सेकंद, म्हणजे ८० च्या वेगाला ३३० मीटर. शाळेची मुलगी नऊ मीटर सात-आठ सेकंदांत ओलांडते, तिला पावणेदोनशे मीटर मोकळा रस्ता दिसायला हवा.

आता खरंच किती दिसतं? इथे बहुतेकांची चूक होते. लोक डांबराच्या काठावर उभे राहून पाहतात आणि म्हणतात, सगळं तर दिसतं. पण ट्रॅक्टर चालवणारा काठावर बसलेला नसतो. त्याची सीट ट्रॅक्टरच्या नाकाच्या अडीच-तीन मीटर मागे असते. तुम्हीही काठापासून तीन मीटर मागे या, ट्रॅक्टरच उभा करून सीटवर बसा, आणि तिथून पाहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, पानठेला, बाभळीची फांदी, पावसाळ्यात माणसाएवढं वाढलेलं गाजरगवत, ढाब्यासमोर उभा ट्रक: काठावरून न दिसलेलं सगळं तिथून आडवं येतं. एका पोराच्या हातात लाल फडकं देऊन त्याला कडेनं दूर चालत पाठवा. फडकं दिसेनासं झालं ती जागा मोजा. ३०० मीटर लागतात आणि ११० दिसतात, असं निघालं तर सगळ्या अर्जाचा कणा तुमच्या हाती आला.

गाडीवाल्याच्या बाजूनंही एक आकडा लक्षात असू द्या. ८० च्या वेगाची गाडी थांबायला १२० मीटर धरतात, १०० ला १८० मीटर. मधे ट्रॉली आडवी दिसल्यावर तो यापेक्षा कमीत थांबेलच असं धरून चालता येत नाही.

हे गणित कळलं की दुभाजकातली ती पाडलेली वाट किती वाईट आहे हे वेगळं सांगायला नको. दुभाजकाची रुंदी मोजा. दीड-दोन मीटरच्या दुभाजकात ट्रॅक्टर मधे थांबूच शकत नाही. पलीकडच्या बाजूनं गाडी आली म्हणून तो थबकला की ट्रॉली अलीकडच्या दोन्ही लेनवर आडवी राहते. तिथे पाटी नाही, दिवा नाही, गाडीवाल्याला तिथून कोणी निघेल याची कल्पना नाही. तुमच्या पत्रातली सर्वांत धोक्याची गोष्ट ही वाट आहे, टिप्पर नंतर. ग्रामपंचायतीनं पुढाकार घेऊन ती आजच बंद करावी. मागणीचा जोर यानं कमी होत नाही, उलट वाढतो.

मग मागायचं काय? "तोंड पुन्हा उघडा" ही मागणी सोपी वाटते, पण दोन्ही बाजूंना पुरेसं दिसत असेल आणि वळणाऱ्या गाडीला मुख्य लेन सोडून थांबायला वेगळी लेन देण्याइतकी जागा असेल, तरच ती करा. नसेल तर तिचा हट्ट धरू नका. तुमच्या गावासाठी जास्त मोलाची मागणी आहे ती फाट्यापासून पुढच्या वळणापर्यंत सर्व्हिस रोडची. आज दीड किलोमीटर जाऊन वळायचं आणि तेवढंच परत यायचं, म्हणून लोक राँग साइडनं पक्क्या साइडपट्टीवरून येतात. बंडी तर येणारच, बैलांना तीन किलोमीटर हायवेवर कोण चालवेल? सर्व्हिस रोड मिळाला की राँग साइडला जायचं कारण उरत नाही. दुसरा टिकाऊ उपाय म्हणजे भुयारी मार्ग. तो मागताना उंची स्वतः मोजून सांगा. कापसानं भरलेली ट्रॉली, वर बांधलेली ताडपत्री, सोयाबीनचं हार्वेस्टर, यांत जे सर्वांत उंच असेल त्याच्यावर अर्धा मीटर मोकळा धरा. तीन मीटर उंचीचा बोगदा घेऊन बसलात तर तो माणसं आणि गुरांपुरताच राहील. आणि तळ नाल्याच्या पातळीच्या वर आहे ना, पाणी कुठे जाणार, हे नकाशावरच विचारा. आपल्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही. नाल्याला उतार नसेल तर जुलैत त्या बोगद्याचं तळं होतं आणि गाव पुन्हा दुभाजकाचे दगड काढतं.

या मोठ्या कामांना वेळ लागेल. तोवरची कामं स्वस्त आहेत, त्यांची वेगळी यादी द्या: दृष्टीच्या पट्ट्यातली झुडपं आणि फ्लेक्स काढणं, फाट्याच्या आधी धोक्याच्या पाट्या, रस्त्यावर थर्मोप्लास्टिकच्या (जाड रंगाच्या) आडव्या पट्ट्या, पिवळा लुकलुकणारा सौर दिवा, आणि ओलांडायच्या नेमक्या जागेवर उजेड पाडणारा खांब. उजेड ढाब्यावर नको, रस्त्यावर हवा. फ्लेक्स काढायला तर कोणाचीच परवानगी लागत नाही, ते ग्रामपंचायतीच्याच हातात आहे.

एसटीच्या थांब्याचं मुद्दाम सांगतो. बस ओलांडायच्या जागेच्या आधी थांबली की तिच्या आडून निघालेली मुलगी मागून येणाऱ्या गाडीला दिसत नाही, आणि मुलीलाही गाडी दिसत नाही. थांबा ओलांडायच्या जागेच्या पुढे हवा, म्हणजे मुली बसच्या मागून, मोकळ्या रस्त्याकडे पाहत जातील. यासाठी आगार व्यवस्थापकांना एक पानी अर्ज पुरतो. शाळेच्या मुलींसाठीची मानव विकासची निळी बस येत असेल तर तिला फाट्यावर न थांबता गावात वळवून घेता येते का, तेही त्याच अर्जात विचारा. मंजुरी येईपर्यंत शाळेत एकच नियम घोटून घ्या: बस निघून गेल्याशिवाय रस्ता ओलांडायचा नाही.

आता गावातले टिप्पर. ग्रामसडक योजनेचा रस्ता ३.७५ मीटर रुंद असतो, कुठे तीनच. ट्रक साधारण अडीच मीटर. दोन ट्रक समोरासमोर आले की दोघांचीही बाहेरची चाकं साइडपट्टीवर उतरतात. आपल्याकडची काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. साइडपट्टीचा मुरूम चाकानं दबला की डांबराची कड उघडी पडते, त्या फटीतून पाणी रस्त्याच्या पोटात जातं आणि कड तुटत तुटत मधोमध येते. तीन आसांच्या भरलेल्या टिप्परचं कायदेशीर वजनच २८.५ टन. आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज साधारण सोळा पट होते, हे रस्ते बांधणाऱ्यांचं जुनं गणित आहे. तुमच्या गावातल्या सगळ्या मोटारसायकली वर्षभरात करत नाहीत तेवढं नुकसान टिप्परची रांग दोन-चार दिवसांत करते.

पहिला प्रश्न असा: ही वाहतूक कोणी वळवली? लेखी आदेश असेल तर पर्यायी रस्ता सांभाळणं, दिवसातून दोनदा पाणी मारणं, रात्री दिवे आणि माणूस ठेवणं हे पुलाच्या ठेकेदाराच्या कामात येतं. तसं लेखी मागा. धुळीचा मुद्दा ठासून मांडा, फुटलेल्या बोंडावर धूळ बसली की कापसाची प्रत जाते. आदेश नसेल, ट्रकवाले आपणहून शिरत असतील, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जड वाहनांना बंदी मागा. सरसकट नको, शाळेच्या दोन वेळा आणि रात्र धरा. जिनिंगला जाणारा कापूस, खत, रेशन, एसटी यांना सूट लिहून घ्या, नाहीतर उद्या आपलीच ट्रॉली अडेल. बंदीची पाटी हायवेच्या फाट्यावर हवी. वेशीवर लावली तर तिथवर आलेला सोळा चाकी ट्रक वळणार कुठे? तो गावातूनच पुढे जाणार. लोखंडी कमान उभारू नका. बिनपरवानगीच्या कमानीखाली अग्निशमनची गाडी अडकते.

रस्त्याच्या सुरुवातीला जो माहिती फलक असतो तो वाचा. पंतप्रधान ग्रामसडकचा रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षं त्याच ठेकेदारानं सांभाळायचा असतो. मुदत शिल्लक असेल तर साइडपट्टीचं काम त्याच्याकडूनच करून घ्या. नुसता ट्रॉलीभर मुरूम टाकून पसरला की पहिल्या पावसात वाहून जातो. काळी माती खरवडून काढायची, टणक मुरूम १५ सेंटिमीटरच्या थरांनी टाकायचा, पाणी मारून रोलर फिरवायचा, आणि बाहेरच्या बाजूला डांबरापेक्षा थोडा जास्त उतार द्यायचा.

कागदाचं सांगतो. ग्रामसभेचा ठराव घ्या, ठराव क्रमांक आणि तारखेसह. सोबत मोजणीचा तक्ता, हाताने काढलेला नकाशा, दिवसाचे आणि रात्रीचे फोटो. हायवेचा अर्ज प्राधिकरणाच्या प्रकल्प संचालकांना किंवा बांधकाम विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांना, गावच्या रस्त्याचा जिल्हा परिषदेला. दोन्हींच्या प्रती जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात, पोलीस, आरटीओ आणि बांधकाम खातं तिथे एकत्र बसतं. मागणीचं पहिलं वाक्य हेच ठेवा: "संयुक्त पाहणी करावी." अधिकारी आले की त्यांनाही ट्रॅक्टरच्या सीटवर बसवा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. महिनाभरात हालचाल नसेल तर माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, मंजूर नकाशातल्या दुभाजकाच्या तोंडांची यादी मागा. अर्ज राज्याच्या कार्यालयाला असेल तर एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, हे महाराष्ट्राच्या नियमात आहे.

आणि अपघातांची नोंद. राष्ट्रीय महामार्गावर ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे किंवा गंभीर जखमांचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले, तर ती जागा ब्लॅक स्पॉट धरतात. पण नोंद पोलिसांकडे असेल तरच. आपल्याकडे पाय मोडला तरी दवाखान्याचा खर्च घेऊन आपसात मिटवतात, म्हणून कागदावर तुमचा फाटा निर्धोक आहे. तीन वर्षांतल्या अपघातांची तारीखवार यादी करा, ज्यांची नोंद आहे त्यांचे गुन्हा क्रमांक ठाण्यातून घ्या. यापुढे गंभीर जखमेची नोंद टाळू नका.

वावरातल्या खुणांबद्दल थोडक्यात. नुसत्या खुणेनं जमीन जात नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी त्याच १९५६ च्या कायद्याच्या कलम ३-ए ची अधिसूचना निघते, तेव्हापासून २१ दिवसांत हरकत द्यावी लागते. तोवर विहीर, बोअर, संत्र्याची झाडं सातबाऱ्यावर आहेत का ते तलाठ्याकडे पाहून घ्या. मोबदला ठरवताना कागदावर नसलेली विहीर सिद्ध करत बसावं लागतं.

शेवटी जे गावाच्या हातात आहे ते वेचणी सुरू व्हायच्या आत करा. सोयाबीन किंवा तूर हायवेच्या साइडपट्टीवर वाळवणं बंद. ढीग उचलला तरी भोवती लावलेले दगड रात्रभर तिथेच राहतात. प्रत्येक ट्रॉलीला परावर्तक पट्टी लावा: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी, पाच सेंटिमीटर रुंद, एआयएस ०९० (अशा पट्ट्यांचं मानक) ची खूण असलेली. आधी तारेच्या ब्रशनं गंज काढा, थिनरनं पुसा, पूर्ण वाळू द्या, मग एका टोकाकडून दाबत लावा. गंजावर किंवा दवात लावलेली आठ दिवसांत सुटते. मागच्या फळक्यावर लावून एवढ्यावरच थांबू नका. कापूस भरला की तो फळक्यावरून लोंबतो आणि पट्टी झाकते, ट्रॉली मागून नुसता काळा ढीग दिसते. लाल पट्टी खालच्या चासीच्या आडव्या पट्टीवर, पूर्ण रुंदीभर लावा, आणि ताडपत्रीच्या दोरीला पट्टी चिकटवलेली एक फळी मागे टांगा. बंडीला मागच्या आडव्या लाकडावर आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या खुंट्यांवर. रात्री पन्नास पावलांवरून टॉर्च मारून पाहा. पूर्ण रुंदी उजळली नाही तर पुन्हा लावा.